होडी अरुंद, आम्ही रुंद

देवाशपथ सांगतो, पुढचं सगळं खरं आहे. एक जागा सोडून. ती कुठली ते शेवटी सांगेन, म्हणजे मधेच कोणी हात वर करून अडवायला नको. आणि हो, म्हैस मी सांगतो तेवढी मोठी नव्हती. पण ते खोटं नाही, ते वर्णन आहे.

कर्जतजवळ दहिवलीला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. किस्से साठतात ते आमच्या माळ्यावरच्या पाइपच्या तुकड्यांसारखे. टाकवत नाहीत, आणि कधी ना कधी कुठेतरी बरोबर बसतात. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबलं की मी एक काढतो. गल्ल्यावर माझी बायको, सुनंदा, बसलेली असते. माझी गोष्ट संपली की ती मान वर न करता म्हणते, "बरं." मुलगी शिकून नोकरीला लागली, तरी त्या 'बरं'मध्ये काडीचा फरक नाही. जुन्या गिऱ्हाइकांना त्याचा अर्थ कळतो. ते खिळे घेऊन निघून जातात.

अशाच एका दुपारी डॉ. मृणाल आल्या, होडी गाडीवर बांधायचे पट्टे आणि हुक घ्यायला. या स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टर. पूर्वी समुद्रात होड्यांच्या शर्यती मारायच्या. लग्न होऊन कर्जतला आल्या, तर संसाराबरोबर होडीही आली. दर रविवारी त्या खालापूरच्या बाजूच्या धरणावर वल्हवायला जात. हे ऐकल्यावर मला राहवतंय होय? मी सांगितलं, लहानपणी पुरात उल्हास नदी मी गुळाच्या काहिलीत बसून ओलांडायचो. एका हाताने.

"मग या रविवारी या की काका," डॉक्टर म्हणाल्या.

"बरं," सुनंदा म्हणाली. या वेळी मान वर करून.

आता माघार कुठून घेणार?

* * *

डॉक्टरांच्या होडीला सर्फ स्की म्हणतात. तीन माणसं एकापुढे एक झोपतील एवढी लांब आणि माझ्या बुडाला जेमतेम पुरेल एवढी रुंद. वरून उघडी. मधे बसायला खळगा, पायाशी सुकाणूचे पेडल, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. समुद्राच्या लाटांवर पळण्यासाठी केलेली चीज. पळत राहिली तर सरळ राहते, थांबली की उलटते.

शिकायला म्हणून एक जुनी, जरा रुंद स्की डॉक्टरांनी आम्हाला मिळवून दिली. आम्हाला म्हणजे मला आणि बबनला. बबन कडावचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा टेंपो आहे. होडी आणायला टेंपो हवा होता, म्हणून तो भागीदार झाला.

होडी दारात उतरली. सुनंदाने हळदकुंकू लावलं, हार घातला. बबनने टेंपो घेतला तेव्हा नारळ बंपरवर फोडला होता. इथे बंपर नव्हता, म्हणून त्याने होडीच्या नाकावर फोडला.

नारळ शाबूत राहिला. होडीला भोक पडलं.

मी डॉक्टरांना फोन लावला. बबन फोन हिसकावून म्हणाला, "म्याडम, आपली काय चूक नाय. नारळ चांगला हाय, होडी कच्ची हाय."

पाण्याच्या टाक्या सांधायचं सामान दुकानात होतंच. मी बसून ठिगळ मारलं. पांढऱ्या नाकावर काळं ठिगळ. डॉक्टरांनी येऊन बोट फिरवलं, टिचकी मारली आणि म्हणाल्या, "फिलिंग चांगलं बसलंय. दोन तास काही खायला देऊ नका."

* * *

रविवारी होडी टेंपोत चढवली. ठिगळाला धूळ लागू नये म्हणून वरून पांढरी चादर घातली. हार काढायचा राहिला होता, तो चादरीवरच ठेवला. होडी मागून चांगली हातभर बाहेर. धक्का बसू नये म्हणून मी आणि बबनचे दोन भाऊ ती धरून बसलो. पहाटे उठलेलो, त्यामुळे सगळ्यांच्या माना खाली. बबन टेंपो बैलगाडीच्या वेगाने हाकत होता.

गावाबाहेरच्या नाक्यावर एक मोटारसायकलवाला थांबला आणि त्याने टोपी काढली. पुढे दूधवाल्याने हात जोडले. मला वाटलं, आपलं नाव झालेलं दिसतंय.

वळणावर बबनच्या ओळखीची एक म्हातारी टेंपोला आडवी आली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "कोण गेलं रं बबन?"

बबनने मागे वळून माझ्याकडे नीट पाहिलं.

"अजून कोण नाय गं मावशे. सांजच्याला सांगतो."

* * *

दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, तोंड उघडा. धरणावर म्हणतात, तोंड मिटा. हा त्यांचा पहिला धडा. मी तो पाण्याखाली शिकलो.

अंगात लाइफ जॅकेट, पायाला बांधलेली दोरी होडीला अडकवलेली. बसलो आणि उलटलो. बसणं आणि उलटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच मला दुपारपर्यंत कळलं नाही. डॉक्टर बाजूने आपली होडी भुरभुर फिरवत सांगायच्या, "पडा काका, मस्त पडा. पडल्यावर परत चढता आलं पाहिजे. पोटावर आडवे या, मग वळा, मग पाय आत." पोटावर आडवा मी यायचो. पोट मोठं असल्याने ते पलीकडच्या बाजूने उतरायचं आणि मी मागोमाग.

एकदा पडून वर आलो तर हाताशी काळं, गुळगुळीत, टणक काहीतरी लागलं. मला वाटलं खडक, मी मिठी मारली. खडकाने मान वळवली. म्हैस! हत्तीएवढी. ती मला तशीच ओढत काठाला घेऊन गेली. काठावर तिचा मालक उभा होता. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "सोडा तिला. तिला सवय नाय तुमची."

सुनंदा वायरच्या पिशवीतून टॉवेल काढत होती. टॉवेल, कोरडा सदरा, लेंगा, थर्मासमध्ये चहा. दर रविवारी ती एवढं घेऊन यायची, काठावरच्या दगडावर बसायची आणि मी भिजून आलो की न बोलता टॉवेल पुढे करायची.

* * *

डॉक्टर म्हणाल्या, कंबर सैल पाहिजे. खालून होडी हलली तरी वरचा माणूस हलता कामा नये. म्हणून मी दुकानात खुर्ची सोडली आणि मोठ्या पीव्हीसी पाइपवर बसायला लागलो. पाय अधांतरी, हातात बांबू, समोर भिंतीवरच्या रंग कंपनीच्या कॅलेंडरकडे नजर. गिऱ्हाईक आलं तरी उतरायचं नाही. डावीकडे वल्हं, उजवीकडे वल्हं, मधे 'बोला काय देऊ'.

एक शेतकरी बराच वेळ पाहत उभा राहिला. मग सुनंदाकडे वाकून हळूच म्हणाला, "वहिनी, आमच्या गावात एक वैद्य हाय. मूळव्याधीवर एकच पुडी देतो."

सुनंदा म्हणाली, "पत्ता लिहून ठेवा. लागेल."

* * *

मग एका रविवारी सुनंदा बारशाला गेली आणि घोळ झाला. संध्याकाळी मी तिला सांगितलं, आज पलीकडच्या काठावरच्या उंबरापर्यंत गेलो आणि परत आलो. न पडता. दोन्ही बाजूंनी वारा होता.

बबनला साक्षीला बोलावलं. त्याला मी दुपारभर पढवलं होतं. तो म्हणाला, "व्हय वैनी, पाखरागत गेला. मी सोता बघितला." आणि वर आपल्या मनाने जोडलं, "म्हस पण बघत होती."

"बरं," सुनंदा म्हणाली. तिने माझा सदरा उचलला, पिळला, आणि दोरीवर टाकला. त्याच्याखाली बादली ठेवली.

त्या बादलीत थेंब पडत होते, तो आवाज मला झोपेपर्यंत ऐकू येत होता. आयुष्यात मी इतक्या थापा मारल्या, त्यातली एकही कधी टोचली नाही. ही टोचली. कारण ही खरी करणं माझ्या हातात होतं. ठरवलं, आता उंबर गाठायचं आणि परत यायचं. न पडता, आणि ती दगडावर बसलेली असताना. एकदा तरी या बाईने माझं काहीतरी खरं मानलं पाहिजे.

डॉक्टरांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्ही पडता कधी माहितीये? घरी काय सांगायचं ते मनात जुळवायला लागता तेव्हा. हात थांबतो. पाण्याला गोष्ट सांगून उपयोग नाही. हात चालू ठेवा."

त्यानंतर किती रविवार गेले ते मोजले नाहीत. गणपती गेले, भात कापून झालं, झोडून झालं. बबन कंटाळून काठावर झोपायला लागला. मी पडत होतो, पण दर वेळी जरा पुढे जाऊन पडत होतो.

* * *

तो रविवार थंडीचा. घाटावरून वारा उतरला होता आणि पाण्यावर बारीक लाटा होत्या. डॉक्टर म्हणाल्या, जायचं तर आत्ता, नंतर वाढेल. त्या आपल्या होडीतून थोडं अंतर ठेवून बरोबर निघाल्या.

होडीच्या नाकावरच्या ठिगळाकडे बघायचं नाही, उंबराकडे बघायचं. डावं, उजवं. लाट खालून आली, कंबर सोडली, लाट गेली. मधे एकदा मनात आलं, हे दुकानात काय झकास सांगता येईल! होडी लगेच कलली. वल्हं पाण्यावर आडवं थापलं, सावरलो, आणि गोष्ट तिथेच बुडवली. त्यानंतर डोक्यात काही नव्हतं. माझ्या डोक्याला ते नवीन होतं.

उंबराच्या मुळाशी पोचलो. वळणं सगळ्यात वाईट. दोन्ही पाय बाहेर टाकून पाण्यात सोडले, होडी स्थिर केली, थोडं थोडं करत नाक फिरवलं, पाय आत घेतले, निघालो. आता समोर उंबर नव्हता, दगड होता. दगडावर सुनंदा. मग बघतो तर ती उभी राहिलेली, डोळ्यांवर हात धरून.

काठ हाकेच्या अंतरावर आला. मला राहवलं नाही. वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, विजयी वीरासारखं.

आणि गडप!

कुडकुडत बाहेर आलो, सवयीने हात पुढे केला. सुनंदाच्या हातात काहीच नव्हतं. पिशवी नाही, सदरा नाही. इतक्या रविवारांत नेमकी त्याच दिवशी ती टॉवेल न घेता आली होती! शेवटी बबनने टेंपोची काच पुसायचं फडकं दिलं, आणि मी डिझेलच्या वासात घरी गेलो.

हा किस्सा मी दुकानात कितीदा सांगितला असेन. लोक पोट धरून हसतात.

आता ती जागा. मी पडलो, ते खोटं. वल्हं उचललंच नाही, हात चालू ठेवला. होडी काठाला लागली, उतरताना घोटे भिजले, तेवढेच. पण तसं सांगितलं तर उंबरापर्यंत गेलो यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, म्हणून शेवटी पडतो. फडकंही त्याबरोबर खोटं झालं.

टॉवेल तिने आणला नव्हता, ते खरं आहे.