साबण लावून भरलेल्या बांगड्या

आमच्याकडं निघणाऱ्यानं ‘जाते’ म्हणायचं नसतं. ‘येते’ म्हणायचं, आणि मागं राहणाऱ्यानं ‘ये’ म्हणायचं. पाटणच्या पुढच्या आमच्या गावातून मी निघाले त्या सकाळी आईनं माझ्या तळहातावर दही घातलं, मी ‘येते’ म्हणाले, ती ‘ये बाय’ म्हणाली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. जीपमध्ये माझी नवीकोरी सुटकेस होती आणि तिच्यावर आबांनी, म्हणजे वडिलांनी, फौजेतल्या सवयीनं पांढऱ्या रंगात माझं नाव रंगवलं होतं. धाकटी बहीण नंदा आठव्या महिन्याचं पोट घेऊन चौकटीला टेकून उभी होती. तिच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मला त्या दिसत होत्या. मी जीपमध्ये बसले.

तेव्हा मी सांगलीच्या एका नर्सिंग कॉलेजात बाळंतपणाचा विषय शिकवत होते. इंग्लंडातल्या एका विद्यापीठानं मला मिडवाइफरीच्या डॉक्टरेटला घेतलं होतं. ही डॉक्टरेट नोकरी करणाऱ्यांसाठीची असते. वॉर्डात ड्यूटी करायची आणि आपल्याच कामातला एखादा प्रसंग उलटासुलटा तपासून त्यावर प्रबंध लिहायचा. गावात हे कुणाला समजावणार? शेजारच्या काकू म्हणाल्या, “बाळंतपणं करायला इलायतला कशाला गं? हितल्या बाया बाळंत व्हायच्या थांबल्या व्हय?” सगळ्या हसल्या. आई मात्र ज्याला त्याला सांगत सुटली होती, आमची थोरली डाक्टरीण होणार हाय.

नंदाचा नवरा विट्याचा. त्याचं सोनं गाळायचं दुकान तिकडं लांब दक्षिणेत होतं, त्यामुळं तो वर्षातून एकदाच गावी यायचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आईनं नंदाला आणलेली. सासरच्यांनी विट्याच्या डॉक्टरकडं तिचं नाव घातलं होतं. आई म्हणाली, घरात सिस्टर असताना दवाखान्याच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या. थोरली बघेल, आणि ती गेल्यावर दिवस भरले की तालुक्याच्या दवाखान्यात नेऊ. मी सुट्टी घेऊन घरी आलेच होते. मी बघतेय म्हटल्यावर दुसऱ्या कुणी बघायचा प्रश्नच उरला नाही.

मी जायच्या आत नंदाच्या बांगड्या भरून घ्यायचं ठरलं. कासारीण आली, आळीतल्या बायका जमल्या. कासारणीनं नंदाचा अंगठा आत दुमडून हात दाबला, पण बांगडी बोटांच्या मुळाशीच अडली. दुसरी घेतली, ती फुटली. कुणीतरी म्हणालं, माहेरचं तूप लागलं पोरीला. पुन्हा हसणं झालं. नंदाही हसली आणि तिनं हात माझ्यापुढं केला.

“ताई, तूच भर. तू तर आख्खं पोर भाईर काढतीस, तुला बांगडीचं काय?”

मी मोरीतून साबण आणला, तिच्या हाताला फेस केला आणि एकेक बांगडी चढवली. चढवताना माझा अंगठा तिच्या हाताच्या पाठीवर रुतला आणि तिथं खळगा पडला. तो लवकर भरून आला नाही. हात सुजणं, तोंड सुजणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं चमकणं, हे मी दर वर्षी मुलींकडून पाठ करून घ्यायचे. पहिलटकरणीला असं दिसलं तर आधी बीपी बघायचं, ते वाढलेलं असलं तर झटके येऊन बाई दगावू शकते, एवढं तर पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल.

बीपीचं मशीन माझ्याजवळ होतं. सुटकेसमध्ये, स्वेटरांच्या खाली.

मी ते काढलं नाही. विसरले असं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि आताही सांगणार नाही. माझ्या मनात अगदी सरळ हिशेब झाला होता. बीपी वाढलेलं निघालं तर तिला कराडला नाहीतर साताऱ्याला न्यावं लागणार, ठेवून घेतील, तिच्याजवळ मीच राहायचं, विमान जाणार, आणि उशीर झाला की माझी जागा दुसऱ्या कुणाला मिळणार. बघितलंच नाही तर यातलं काहीच होणार नव्हतं. निघायच्या सकाळी नंदा म्हणाली, ताई, डोकं लय ठणकतंय गं. मी म्हणाले, ऊन लागलं असेल, सरबत घे.

तिकडं पोहोचून मी जेमतेम रुळले होते, तोवर हॉस्टेलच्या जिन्याखालच्या फोनवर आबांचा फोन आला. पाटणच्या बूथवरून बोलत होते. आवाज थांबून थांबून यायचा. आबांनी फौजेत खबर द्यावी तसं सांगितलं. नंदाला झटके आले, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला, पोटातली पोरगी वाचली, नंदा गेली. मग आईनं फोन घेतला. ती रडत नव्हती.

“तू असतीस तर वाचली असती गं,” ती म्हणाली.

मी रिसीव्हर नुसता कानाला धरून ठेवला. तिला वाटलं लाइन तुटली.

पुढचं मला काकूंनी नंतर सांगितलं, ऐकून घेणं माझं कर्तव्य असल्यासारखं. सलाइनची शीर सापडेना म्हणून दवाखान्यात नंदाच्या बांगड्या फोडल्या. ती सवाष्ण गेली, म्हणून उचलायच्या आधी पुन्हा हिरव्या भरायच्या होत्या. त्या चढेनात. तेव्हा आईनं साबण मागितला. “थोरलीनं अशाच भरल्या हुत्या,” म्हणाली, आणि भरल्या.

मी तेव्हा परत आले नाही. प्रबंधाला प्रसंग हवा होता. मी नंदा लिहिली. तिला नाव नव्हतं, पहिलटकरीण एवढंच. घरातल्या बायकांना सूज म्हणजे पोसलेलं अंग वाटलं, असं लिहिलं. तिथं शिकलेलं कुणी हजर नव्हतं, असंही लिहिलं. तोंडी परीक्षेत एक बाई हळहळून म्हणाल्या, किती हे अज्ञान. मी मान हलवली. ते अज्ञान माझ्या आईच्या नावावर लागलं आणि डॉक्टरेट माझ्या.

नंदाची मुलगी अमू आईनंच वाढवली. मी दर दोन वर्षांनी यायचे, चॉकलेटं आणायचे. आबा गेले तेव्हाही आले. दर खेपेला आई कुणाला ना कुणाला तेच सांगायची, थोरली हितं असती तर माझी नंदा आज दिसली असती. मी चहा पीत ऐकायचे. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना हे माहीत असेल. मागची माणसं आपल्याविषयी एक काहीतरी धरून बसतात, आणि ते खोडायला आपण फार दिवस राहत नाही.

यंदा अमूला दिवस गेले, तीही माहेरी म्हणून याच घरी आली. मी महिनाभर होते. रोज सकाळी तिचं बीपी बघायचे. तिला ते लाड वाटायचे. बांगड्या भरायच्या दिवशी तिचे हात काडीसारखे, बांगड्या सरसर गेल्या. आई कौतुकानं बायकांना म्हणाली, “हिच्या आईला थोरलीनं साबण लावून भरल्या हुत्या. निघायच्या आधी तेवढं तरी करून गेली.”

बायका गेल्यावर मी आईजवळ बसले आणि सगळं सांगितलं. खळगा, मशीन, स्वेटर, विमान. तिला समजेल अशा शब्दांत, काही न वगळता. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, “इतकी वर्सं म्या येवढ्यावर काढली, की तू असतीस तर ती वाचली असती. आता ते बी ऱ्हायलं न्हाई.”

मग ताट उचलताना म्हणाली, “अमूला सांगू नगंस. तिचं दिवस भरू देत.”

अमू सुखरूप बाळंत झाली. हे छापून आलं की ती वाचेल. समोर बसून सांगण्याचं धैर्य मला झालं नाही.

इंग्लंडात आता माझं स्वतःचं घर आहे, मागं सफरचंदाचं झाड आहे. ड्यूटीवरच्या मुली घर कुठलं विचारतात, तेव्हा मी अजून सातारा म्हणते. साताऱ्याचं असं माझ्याजवळ फार काही नव्हतं. दारातून मागं येणारा आईचा तो ‘ये’ होता.

यंदाच्या त्या खेपेला निघताना आईनं नेहमीसारखं तळहातावर दही घातलं. मी खाल्लं, वाकून पाया पडले, ‘येते’ म्हणाले.

आईनं पदराला हात पुसले.

“जा,” म्हणाली.