आईचे म्युझियममधले गुरुवार

आमची लालबागची चाळ पाडायला घेतली तेव्हा आई आणि मी शिवडीला एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर, तात्पुरत्या मिळालेल्या खोलीत राहायला गेलो. आईने चाळीत कितीतरी वर्षं खाणावळ चालवली होती. गिरणीतले गाववाले दोन्ही वेळ तिच्याकडे जेवायचे. गिरण्या गेल्या, खाणावळ बंद झाली, पुढे बाबाही गेले. तरी रोज संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत भाजी निवडत बसून ती सगळ्या मजल्याची खबर घ्यायची. टॉवरमध्ये गॅलरी नव्हती आणि शेजारची दारं कायम बंद. मे महिन्यात खोली तापायची, आणि आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

एकदा ऑफिसातून येताना बसमधून मला कलासंग्रहालयाच्या फाटकावर फलक दिसला. उन्हाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रम, सर्वांना प्रवेश मोफत. आईला म्हटलं, "चल, जाऊन येऊ."

"म्युझियममदी? माका काय कळतला थंय?"

"झाडं आहेत, वारा आहे."

"आणि फुकट कित्या देतत?" असं म्हणत तिने साडी बदलली.

पहिल्या गुरुवारी सतारवादन होतं. अंगणातल्या वडाखाली खुर्चीत बसल्या बसल्या आईला झोप लागली. टाळ्या वाजल्या तेव्हा जागी होऊन म्हणाली, "बरा वाजवता हां." कित्येक दिवसांत ती इतकी गाढ झोपली नव्हती, म्हणून पुढच्या गुरुवारी मी तिला पुन्हा नेलं.

त्या दिवशी चित्रं काढायची होती. कागद, रंग सगळं संग्रहालयाचंच. वीसेक माणसं गोलाकार बसली होती आणि मध्ये एक खुर्ची रिकामी. जिला समोर बसवून चित्र काढायचं ती बाई आलीच नव्हती. शिकवणारे सर, पन्नाशीचे, दाढीवाले, इकडेतिकडे बघत होते. त्यांची नजर आईवर थांबली.

"मावशी, तुम्ही बसाल का? काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

मला वाटलं, नाही म्हणेल. पण ती उठली, पदर सारखा केला आणि मध्ये जाऊन बसली. दोन मिनिटांत चुळबुळ सुरू. हात मांडीवर ठेवी, परत उचली.

"मावशी, हात जरा स्थिर," सर म्हणाले.

"अहो, रिकाम्या हातान मी कधी बसूक नाय." मग माझ्याकडे वळून, "बाय, तुझ्या पिशवीत माठाची जुडी आसा ना? दी बघू."

"आई, इथे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र हसून म्हणाले, "द्या, द्या!" आणि स्वतःच एक कोरा कागद तिच्या मांडीवर पसरून गेले.

मग तासभर आईने लाल माठ निवडला आणि वीस माणसांनी तिला काढलं. तिची बोटं गुलाबी झाली होती. शेजारच्या बाईला तिने माठात चण्याची डाळ किती घालायची तेही सांगून टाकलं.

शेवटी ती एकेक चित्र बघत फिरली. कुणी नाक मोठं केलं होतं, कुणी फक्त हात काढले होते. कॉलेजातल्या एका मुलीच्या कागदापाशी ती थांबली. त्या चित्रात तिच्या कपाळावर मोठं कुंकू होतं. बाबा गेल्यापासून आईचं कपाळ मोकळं होतं.

"ह्या कित्या काढलंस गो?" आईने विचारलं.

मुलगी गोंधळली. "आजी, मला वाटलं... तुमच्या चेहऱ्याला तिथे लाल रंग हवा. चुकलं का? खोडू?"

आईने कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. "नको," ती म्हणाली. "आसांदे."

मुलीने ते चित्र तिलाच दिलं. घरी आल्यावर आईने ते कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि माठ फोडणीला टाकला.

पुढच्या गुरुवारी निघताना ती आरशासमोर जरा जास्तच रेंगाळली. बाहेर आली तेव्हा कपाळावर माझ्याच टिकल्यांच्या पाकिटातली एक मरून टिकली होती. लिफ्टमध्ये दोघी आकडे उतरताना बघत राहिलो. त्यानंतर ती टिकलीशिवाय दिसली नाही.

गुरुवार संपत आले तेव्हा आईने सरांना जेवायला बोलावलं. माझी खात्री होती की ते नुसते हो म्हणतील. पण ते आले, अकराव्या मजल्यावर, कलिंगड घेऊन. खाली मांडी घालून बसले, बांगड्याची आमटी आणि भात खाल्ला, सोलकढी तीनदा मागून घेतली. आई वाढताना ओरडत होती, "लाजू नका हां, माझ्याकडे कोण अर्ध्या पोटी उठूक नाय!" चाळीतला तिचा तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. समोरच्या दारातून एक बाई डोकावली. आईने तिलाही आत ओढून पान वाढलं.

चाळीच्या जागी बांधलेल्या नव्या घराची चावी मिळायच्या आधीच आई गेली. ते चित्र आता नव्या घरात आहे, फ्रेममध्ये. काही नातेवाईकांना त्यातलं कुंकू रुचत नाही. मी ते भिंतीवरून काढत नाही.