दोरीचे दोन झटके

भूतखेत, अंगात येणं, असल्या गोष्टींची मी कायम टिंगलच केली. आमच्या आळीतली कोणी भगताकडे निघाली की तिला हटकणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिते.

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. आम्ही वणीला राहायचो, चांद्याच्या रस्त्याला लागून. आमचे हे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. ट्रक शेठचा, पण उभा राहायचा आमच्या अंगणात. अधूनमधून सकाळी हे चाकांची लाइन तपासायचे. मागच्या चाकाला टेकवून दोरी मी धरायची, हे ती पुढच्या चाकापर्यंत ताणायचे. चाकाच्या दोन्ही कडांपासून दोरी सारखीच लांब असली की चाक सरळ. यांच्या तोंडात विडी, त्यामुळे बोलणं नाही. एक झटका म्हणजे 'सोड'. दोन म्हणजे 'धरून ठेव, गडबड आहे'. ही खूण आमच्या दोघांतलीच.

पोळ्याला घरी राहतो म्हणाले होते. आणि त्याच सकाळी खेपेला निघाले! मी जाम भडकले.

"शांते, दोरी धर वं जराशी. परवा दगडावर आदळली तवापासून गाडी डावीकडं ओढून राह्यली. टायर बी एकाच कडेनं घासलं."

"पुरण वाटून राह्यली मी. तुमची दोरी तुम्हीच धरा!"

"बरं बाप्पा, आल्यावर पाहू," म्हणाले, आणि हसले.

टायर एका कडेनं झिजलं, गाडी एकीकडे ओढली की त्याच दिवशी पाहायचं — हे यांनीच मला शिकवलं होतं. मला सगळं कळत होतं हो! दुपारी निरोप आला. गाडी डावीकडे नाल्यात गेली होती, हे जागीच गेले. यांचं ताट मी झाकून ठेवलं होतं.

शेठनं ट्रक दुरुस्त केला आणि माझे धाकटे दीर, विठ्ठल भाऊजी, त्यावर लागले. पहिल्या खेपेच्या सकाळी दोरी मीच काढली. भाऊजींनी पुढचं टोक बंपरला बांधलं, वाकून पाहिलं, आणि हात पुसत माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"सरळ हाये, वयनी. सोडा आता."

तेवढ्यात दोरीला झटका बसला. लगेच दुसरा. पुढे कोणीच नव्हतं, झाडाचं पान हलत नव्हतं...

"भाऊजी, गाडी नाही जाणार. खाली शिरून पाहा."

"काहून? चाक तं सरळ हाये!"

"मी म्हणते ना, शिरा!"

कुरकुरत खाली शिरले. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा पडलेला. चाकं जोडणाऱ्या दांड्याचा नट शेवटच्या आट्यावर होता.

"वयनी, दोन मैल बी टिकला नसता. तुमाले कसं कळलं?"

काय सांगू? ढिला नट दोरीनं कळतच नाही. आमची खूण भाऊजींना ठाऊक नव्हती. भावासाठी यांनी दोरी धरली, आणि यांच्यासाठी मी नाही धरली. एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

नट आवळून झाला. भाऊजी पुन्हा म्हणाले, "सोडा, वयनी." मी धरूनच उभी. आता एक झटका येईल, म्हणून वाट पाहत राहिले. खूप वेळ पाहिली. नाही आला. शेवटी भाऊजींनीच माझी बोटं एकेक करून उघडली आणि दोरी काढून घेतली.