रिलिंक्विश म्हणजे

नारायणगुड्यात कागदपत्रं टाइप करून देणारे एक चाचा आहेत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कागद कसलाही असो, ते आधी त्यातलं मुख्य इंग्रजी क्रियापद समजावतात, मगच कीबोर्डला हात लावतात.

परवा दादाबरोबर गेले. वडिलांच्या घरातला माझा हिस्सा त्याच्या नावे सोडायचा होता.

"रिलिंक्विश," चाचा चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "लॅटिन से आया. पीछे छोड़ के जाना. किसी ने छीन लिया तो ये लफ्ज नक्को. खुद की मर्जी से छोड़े तोच."

मग त्यांनी नेहमीप्रमाणे कोरा कागद पुढे केला. तो शब्द गिऱ्हाइकाने एकदा स्वतःच्या हाताने लिहायचा, ही त्यांची रीत.

मी तीन अक्षरं लिहिली आणि पेन अडलं.

"लिही की," दादा घड्याळ बघत म्हणाला.

चाचांनी माझ्या हाताकडे पाहिलं. कागद ओढून घेतला, घडी घातली, खिशात ठेवला.

"करंट गया," ते दादाला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कल आना, अम्मा. अकेले."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. दादाने वर पाहिलं. मी नाही पाहिलं.