करंजावरचे पाव्हणे

औषधाचा पंप खाली ठेवून दगडूभाऊ आधी झाडाखाली उभे राहत. मान वर, श्वास रोखलेला. मग झाडालाच विचारत, "पाव्हणे हायेत काय बे?" वरून मधमाश्यांची गुणगुण ऐकू आली की पंप उचलून पुढच्या झाडाकडे निघत.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नांदुऱ्याजवळच्या एका लहानशा नगरपालिकेत मी नुकताच कारकून लागलो होतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून अंगात नियम फार. दगडूभाऊ रस्त्याकडेच्या झाडांवर कीटकनाशक मारत. नोकरी रोजंदारीची, त्या उन्हाळ्यात कायम होण्याची आशा होती.

तेवढ्यात बाजारातल्या करंजांवर अळ्या पडल्या. हॉटेलातल्या चहात टपकू लागल्या. आमच्या साहेबांनी हुकूम दिला, "उद्या सकाळी फवारणी. नाहीतर दगडू घरी." हुकुमाचा कागद मीच नेऊन दिला.

"फूल झडू द्या ना, बाबूजी. आठ-दहा दिवसांचा सवाल हाये."

"हुकूम आहे, दगडूभाऊ."

"हुकूम माशीले वाचता येते काय?" मग हळूच म्हणाले, "एका वर्षी मीच मारलं फुलावर. झाडाखाली माश्यांचा सडा. त्या साली आमच्या वाडीतल्या कोहळ्याच्या वेलाले फुलंच फुलं, अन् फळ एक नाही. बायको अजून टोमणा मारते, 'माश्या मारल्या तुमी, अन् कोहळं मागता मले?'"

दुसऱ्या दिवशी दहाच्या उन्हात साहेब स्वतः जीप घेऊन हजर. आणि दगडूभाऊ चक्क पंप मारत होते! मला धक्काच बसला. मग लक्षात आलं, त्या औषधाचा उग्र दर्प कुठेच नव्हता. पंपात नुसतं पाणी होतं.

"वास कसा नाही रे?" साहेबांनी विचारलं.

"वास असता तर किडीले समजलं नसतं काय, साहेब?"

उन्हाने तहानलेल्या माश्या ओल्या पानांवर पाणी प्यायला उतरल्या. झाड घुमू लागलं. एक माशी साहेबांच्या टोपीवर बसली.

"पाहा, औषध लागू पडलं! कशा घाबरल्या!" असं म्हणत साहेबच पळत जीपमध्ये जाऊन बसले.

संध्याकाळी फवारणीची नोंदवही माझ्यासमोर आली. खोटं लिहायला हात धजेना आणि खरं लिहिलं तर दगडूभाऊ घरी बसणार. मी तारखेची जागा कोरी ठेवली. ती माझ्या नोकरीतली पहिली लबाडी. दगडूभाऊ रोज पहाटे बांबूने फांद्या हलवून अळ्या पाडायचे आणि हॉटेलवाल्याच्या कोंबड्यांना चारायचे. "पाय बे, सरकारी नाश्ता!" बारा दिवसांनी फूल झडलं. माश्या पोळ्यात परतल्यावर, दिवेलागणीला, त्यांनी खरं औषध मारलं. तेव्हा मी तारीख भरली. पावसाळ्यात दगडूभाऊ कायम झाले, आणि एक भलंमोठं कोहळं माझ्या टेबलावर आलं.

पुढे त्या साहेबांच्या खुर्चीत मी आलो. एकदा घाईत मीही तसाच फवारणीचा कागद सही करून सोडला. निवृत्त झालेले दगडूभाऊ तो कागद घेऊन, काठी टेकत दारात उभे.

"सही झ्याक हाये, साहेब. पन झाडाले इचारलं काय?"

भर बाजारात त्यांनी मला करंजाखाली उभं केलं. मान वर, श्वास रोखलेला. लोक हसत होते. वर झाड घुमत होतं. मी कागद फाडला.

दगडूभाऊ गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण असा कागद आला की मी सही करण्याआधी झाडाखाली जातोच. नवा शिपाई आधी तोंड लपवून हसायचा. परवा मी मान वर केली, तर विचारायच्या आधीच मागून त्याचा आवाज आला,

"हाव साहेब, हायेत."

मी पेनाला टोपण लावलं.