फर्दापूरच्या माळा आणि पाचाचा पाढा

सरकारी कार्यक्रमाच्या पाहुण्यांसाठी दगडी मण्यांच्या दोनशे माळा पुरवायचं काम मला मिळालं. सोबत हमीपत्र: या मालात बालमजुरी नाही, खाली सही. सायकलवरून वह्या विकत वर आलेला माणूस मी, सहीला कधी बिचकलो नाही. पण माळा ओवतं कोण, हे कधी पाहिलंच नव्हतं. म्हटलं, या निमित्तानं फर्दापूर होईल, लेणीही होतील.

मंगळवारी पहाटे संभाजीनगर सोडलं. (सोमवारी अजिंठा बंद असतो, लक्षात ठेवा.) फुलंब्रीपर्यंत धुकं असं, की गाडी जागीच आहे आणि खालून रस्ता सरकतोय असं वाटावं. सिल्लोडला गरम भजी खाऊन घ्या, कारण पुढं घाटात पाय निघत नाही. दरीत ऊन उतरताना बघत बसलो. अडीच तासांच्या वाटेला चार तास लागले.

माळा करून देणाऱ्या सुमनबाईंचं घर शोधत गल्लीत शिरलो, तोच आतून पोरींचे आवाज आले. पाच एके पाच, पाच दुणे दहा... सूर इतका गोड लागला होता की ओट्याला टेकून डोळे मिटले. किती वेळ, कोण जाणे. मग कानाला खटकलं. पन्नास झाले की पुन्हा पाच एके. सहाचा पाढा येतच नव्हता. आणि शाळा तर केव्हाच भरली होती.

आत दोन मुली, मांडीवर मण्यांच्या परड्या; पलीकडं सुमनबाई आणि त्यांची जाऊ मणी निवडत होत्या. पाच पांढऱ्यांमागं एक काळा, पन्नासला माळ पुरी.

"बारीक बोटं हायती भाऊ, मण्यांची भोकं लई नाजूक," सुमनबाई हसून म्हणाल्या. "पाढाबी पाठ व्हतो."

"आणि सहाचा?"

धाकटी म्हणाली, "सहाचा साळंत हाय."

सुमनबाईंचं हसू गेलं. "काम काढून घेता व्हय?"

"काम तुमचंच. पण ओवायचं तुम्ही आणि तुमच्या जावेनं. दर वाढवून देतो."

"दोनशे नाय व्हणार मग."

"नाही होणार. आणि मी न कळवता पुन्हा येईन."

"या की. लेणी काय पळून जात्यात?" असं म्हणत त्यांनी थोरलीच्या मांडीवरची परडी उचलली. "ऊठ, दप्तर घे."

दुपारी लेण्यांच्या मंद उजेडात चित्रांतल्या राजकन्यांच्या गळ्यातले मोती बघत राहिलो. ते कुणी ओवले असतील, हा प्रश्न याआधी कधी पडला नव्हता. आता कुठलीही नाजूक वस्तू हातात घेतली की पडतो. या प्रवासातून घरी आलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोघी जावांच्या हातून होतील तेवढ्या ऐंशीच माळा देईन असं कार्यालयात लेखी कळवलं आणि तेवढ्यांवर सही केली. कारकुनानं कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं.

"शेठ, सही ठोकून द्यायची ना दोनशेवर. बघायला कोण जातंय?"

म्हटलं, "मी जाऊन आलो."