खऱ्या मापाची मांदेली

मी घाटावरची. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा किराणा, भाजी, बँक सगळं हळूहळू माझ्याकडे आलं, पण मासळीची पिशवी काही सासूबाईंनी सोडली नाही. "तुला काय कळतंय त्यातलं?" हा त्यांचा प्रश्न नसायचा, निकाल असायचा. मलाही मग हट्ट पेटला. ही पिशवी मी मिळवणारच!

कॉलेजच्या ऑफिसात माझा दिवस वर्डमध्येच जातो, म्हणून अभ्यासाचीही फाईलच केली. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर सासूबाईंच्या मागे हिंडत फोटो काढले, तक्ता आखला, एका चौकटीत एक मासा आणि खाली त्याचं नाव. पान नीटस दिसावं म्हणून सगळे फोटो एकाच रुंदीचे केले. पंधरा दिवस पाठांतर केलं आणि एका रविवारी कुणाला न सांगता बंदर गाठलं.

"मांदेली द्या," मी ऐटीत म्हटलं. मासेवाल्या मावशींनी वाटा पुढे सरकवला. बोटाएवढे मासे! "ही पिल्लं नकोत हो. मोठी द्या, बांगड्याएवढी."

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगो बाय, एवढी मांदेली दर्यात तरी असते काय?" आजूबाजूच्या सगळ्याजणी हसायला लागल्या. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

सासूबाई रागावल्या नाहीत. चष्मा लावून फाईल बघितली आणि म्हणाल्या, "मांदेली, बांगडा, सुरमई, सगळी एका मापाची? अशानं तू उपाशी मारशील आम्हाला. खऱ्या मापाची कर."

मग आमचं खूळ सुरू झालं. बांगडा मोरीवर पट्टीने मोजला, तेवीस सेंटिमीटर. वर्डमध्ये त्याचा फोटो नाकापासून शेपटीपर्यंत कातरला. मी तो कडेला धरून ओढला, तर बांगडा फुगला. "ह्याचं पापलेट कशाला केलंस?" मागून सासूबाईंचा आवाज आला. मग लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवणाऱ्या चौकटीत खूण केली आणि तेवीसचा आकडा टाइप केला. छापून आणल्यावर सासूबाईंनी खरा बांगडा कागदावर ठेवला. शेपटी बाहेर! छापताना प्रिंटरने पानात बसवायला म्हणून फोटो आपणहून लहान केला होता. ती सोय बंद करून पुन्हा छापलं, पुन्हा बांगडा ठेवला, आणि डोकं डोक्यावर, शेपटी शेपटीवर. सासूबाईंनी चक्क टाळी वाजवली. सुरमई त्यांनी बाजारातच वितीने मोजून आणली होती. ती तीन पानांवर छापून त्यांनी स्वतः डिंकाने जोडली आणि स्वयंपाकघराच्या दारामागे लावली. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एवढ्या कधी हसलो नव्हतो. मला फार फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "जा. कागद नको नेऊ."

मी मांदेली आणली, बांगडे आणले. त्यांनी एकेक कल्ला उचलून लाल रंग बघितला, अंगठ्याने दाबून बघितलं आणि नारळ खवायला घेतला. मी निकालाची वाट बघत उभी होते. तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या. "ताजी दिसतायत! कधी गेला होतात?"

"मी कुठे जात्येय," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "आमच्याकडे मासळी सूनच बघते."